छत्रीच्या काड्यांची रेल्वे

बैलबाजारातला पहिला धडा असा, की जो बैल घ्यायचा आहे त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या बैलाचे दात बघायचे, त्याच्या मालकाशी हुज्जत घालायची, आणि निघता निघता, जोड्यातला खडा काढायला थांबल्यासारखं करून, खऱ्या बैलाचा भाव विचारायचा. हे मला कुणी मांडीवर घेऊन शिकवलं नाही. साखऱ्याहून हिंगोलीला आलो तेव्हा मागं आईबाप नव्हते आणि पुढं ओळखीचं कुणी नव्हतं. फसत फसत शिकलो. बाहत्तरच्या दुष्काळात मोठमोठे दलाल हात टेकून बसले, तेव्हा मी चारा असलेली गावं शोधत जनावरं हाकत नेली आणि त्यातून उभा राहिलो. पुढं पुढं माझ्या रुमालाखाली हात घालायला लोक बिचकायचे. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती सगळा बाजार उभा असला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

हे सांगतोय, कारण घरातले लोक अजून म्हणतात की माझ्यावर कुणी अन्याय केला नाही, मीच तोंड उघडलं नाही. झालं ते असं झालं.

लग्नाआधी मी हिंगोलीत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका चहाच्या हॉटेलच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. बाजाराचा दिवस सोडला तर हाताला काम नसायचं. इतर दलाल पत्ते कुटायचे. मी रेल्वे केली. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडून मोडक्या छत्र्यांच्या काड्या आणल्या, त्यांचे रूळ केले. तुराट्या बोटाएवढ्या कापून रुळाखाली स्लीपर घातले. शिंप्याकडून शिलाई मशीनची जुनी बॉबिनं आणली, त्यांची चाकं झाली. बॉबिनाला दोन्ही अंगांनी कडा असतात, त्या काडीला मधोमध धरून चालतात, गाडी रुळावरून उतरत नाही. वनस्पती तुपाचे डबे कापून प्रवासी डबे केले. इंजिनाच्या पोटात गजराच्या घड्याळाचं यंत्र बसवलं. त्याची चावी मी कानशीनं घासून घासून बेतली होती, दुसरी कुठलीच चावी त्यात बसत नव्हती.

खोक्याच्या फळ्या जोडून केलेल्या पाटावर आमची लाइन होती. अलीकडे हिंगोलीचं स्टेशन, पलीकडे कनेरगाव, मध्ये पैनगंगेचा पूल. बाहेर खरी गाडी शिट्टी देऊन निघाली की आत मी माझी सोडायचो. बाजारात ओरडून घसा बसलेला असायचा, डोकं तापलेलं असायचं. गाडी पूल ओलांडून कनेरगावला टेकेपर्यंत ते निवायचं. दुसऱ्या कशानंच निवायचं नाही. याहून जास्त मी त्याबद्दल सांगू शकत नाही. हॉटेलमालकाशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि तसंच राहायला हवं होतं. खेळण्यातली गाडी खेळतो हे बाजारात कळलं असतं, तर माझ्या रुमालाखाली कुणी हात घातला असता?

डोंगरकड्याचे एक केळीवाले बागाईतदार माझ्याकडून बैल नेत. घासाघीस करताना मी त्यांना दोनदा रडकुंडीला आणलं, म्हणून मी त्यांच्या मनात भरलो. एकुलती एक लेक होती. जावई घरी येऊन राहिला पाहिजे, एवढीच अट. मुलगी मी पाहिली होती. बोलताना नजर खाली घालत नव्हती. मला आवडली होती, पण तेही मी दाखवलं नाही.

बैठकीला माझ्या बाजूनं मीच होतो. मी एकेक गोष्ट मागून घेतली. धंदा माझ्या नावावर राहील. बाजाराला जायला कुणाची परवानगी लागणार नाही. माझ्या जनावरांना वेगळा गोठा. आणि शेवटी, अगदी सहज, बुडाखालचं धोतर नीट करत म्हणालो, "ओसरीच्या बाजूची खोली मला लागंल. गिऱ्हाईक येतं, बसवाया जागा पायजे."

ती खोली मला गाडीसाठी हवी होती. बाकी सगळं नसतं मिळालं तरी चाललं असतं.

"दिली," सासरे म्हणाले. "अजून काई?"

"न्हाई."

"बघा. एकदा सुपारी फुटली की नवं बोलनं न्हाई. अजून काई?"

"न्हाई म्हनलं ना."

तिसऱ्यांदा विचारलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मान हलवली. सुपारी फुटली. आमच्याकडे हा रिवाज दगडावरच्या रेघेसारखा आहे. सुपारीनंतर जो नवं मागतो त्याच्या शब्दाला पुढं किंमत राहत नाही.

लग्न झालं. डोंगरकड्याला राहायला गेलो. गाडी हिंगोलीतच ठेवली होती, थोडं स्थिरस्थावर झालं की रात्रीअपरात्री नव्हे, भर दिवसा, 'गिऱ्हाइकाला दाखवायचं काहीतरी' म्हणून आणायचा बेत होता. पण त्या गावात रेल्वे नाही. शिट्टी नाही, धूर नाही. केळीची पानं वाऱ्यानं फाटल्याचा आवाज तेवढा दिवसभर. पारावर बसलो तर एखादा म्हणायचाच, "काय जावईबापू, सासऱ्यानं सोडलं व्हय आज?" मी भांडायचो, लोक हसायचे, मी आणखी भांडायचो. एकदा तर गड्यानं बैलाला पाणी उशिरा पाजलं म्हणून घागर आपटून फोडली. घरात कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जावयाला बोलायचं नाही, ताटात तूप जास्त वाढायचं, ही त्या घराची पद्धत. तुपानंच गळा दाबतात माणसाचा.

हळद निघाली, शिजली, वाळली. एक दिवस बाजारातून येऊन बघतो तर माझ्या खोलीत आढ्यापर्यंत हळदीची पोती.

"मामा, ही खोली माझी ठरली व्हती."

"तुमचीच हाय की. पण गिऱ्हाईक कुठं येऊन राहिलं? रिकामी पडली व्हती. एखादा आला तर ओसरीवर बसवू, चहा पाजू. तकलीफ काय त्याच्यात?"

मी गिऱ्हाइकाचं नाव सांगून खोली घेतली होती. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांचं म्हणणं बराबर होतं, आणि बराबर बोलणाऱ्या माणसाचा मला जेवढा राग येतो तेवढा लबाडाचा येत नाही.

त्याच सुमारास हॉटेलमालकाचा निरोप आला, खोली खाली करा. बायको म्हणाली, "मी बी येते. भांडीकुंडी असतील ती बघून घेते." नको म्हणायला कारण सुचलं नाही.

तिनं कुलूप उघडल्या उघडल्या पाटावरची चादर ओढली.

"अगं बाई! हे काय हो?"

"काय म्हाईत. मागच्या भाडेकरूनं टाकलेलं दिसतंय. भंगार हाय."

हॉटेलमालक दारात उभा होता. त्याला सगळं माहीत होतं. मिशीतल्या मिशीत हसला. "व्हय व्हय, मागचाच तो. लई येडा मानूस. तुमच्यावानी शहाना न्हवता, दलाल."

बायको वाकून बघत होती. "चाकं बघा की! ही तर मशीनची बॉबिनं हायत." तिनं डबा बोटानं ढकलला. डबा पुलावर गेला. "कसं बसवलं असंल एवढं... हाताला काय कसब म्हनावं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. समोर तो हसणारा माणूस उभा होता. तुम्ही बोलला असता?

"भंगारच हाय तर मला द्या," हॉटेलमालक म्हणाला. "काचेच्या पेटीत ठेवतो गल्ल्याजवळ. गनपतीत आरास करतो."

"फुकट काहून?" बायको ताठ झाली. "चार लोक खुळ्यावानी बघत राहतील अशी चीज हाय. काय देता बोला."

"कपबशा देतो. चांगल्या हायत."

"कपबशा ठेवा तुमच्या हाटेलात."

"पितळंची परात देतो."

तिनं परात उलटी करून टिचकी मारली, तोंड वाकडं केलं. मग घंगाळ झालं, कंदील झाला. मी बघत होतो. सौदा आता जमणार, हे मला आवाजावरून कळतं. दोघं एकमेकांच्या जवळ येत होते. सौदा मोडायचा एकच रस्ता मला ठाऊक आहे. असं काहीतरी मागायचं जे समोरचा मेला तरी देणार नाही. मागच्या पडवीत पोतं टाकून झाकलेलं एक शिलाई मशीन होतं, त्याच्या वारलेल्या बायकोचं. त्याला तो कुणाला हातसुद्धा लावू देत नसे.

"ते मशीन द्या," मी म्हणालो. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या. चल गं, पाट गाडीत टाकू."

हॉटेलमालकाच्या मिशीतलं हसू गेलं. मला वाटलं, सुटलो. पाटाला हात घातला.

तो पडवीत गेला, मशीनवरचं पोतं काढलं, तळहातानं धूळ पुसली. "घ्या," तो म्हणाला. "नुसतं गंजून राहिलंय. घ्या."

मी बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा फुलला होता. आल्यापासून ती परातीकडे बघत होती, घंगाळाकडे बघत होती, भिंतीकडे, छताकडे बघत होती. पडवीकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

मागितला भाव मिळाला की दावं हातातून सोडायचं. तिथं दलालाला तोंड नसतं. फक्त, बैल विकला तरी त्याचं दावं कुणी विकत नाही, ते मालकाकडेच राहतं, हाही आमच्याकडचा रिवाज आहे. मी इंजिनातली चावी काढून खिशात घातली.

"चावी?" हॉटेलमालक म्हणाला.

"बैलासंगं दावं देत न्हाईत."

तो हसला. घड्याळाच्या चाव्या काय, पैशाला पासरी मिळतात असं त्याला वाटलं.

परत येताना बैलगाडीत मशीनला हात लावून बायको बसली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "बाबानं कधी घेऊ दिलं न्हाई. म्हनायचे, बागाईतदाराची लेक लोकांचं शिवती काय. मी तुमाला बी कधी बोलले न्हाई. तुमाला कसं कळलं हो?"

मी बैलांना चाबूक दाखवला. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही आणि नंतरही देता आलं नाही. माझ्याच मागण्यानं मी असा कोंडला गेलो, की ओरडायचीसुद्धा सोय उरली नाही.

मशीन बघून सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली, पण जावयानं आणलेली वस्तू, बोलणार कोण? ठेवायचं कुठं हा प्रश्न आला. त्याच दिवशी माझ्या खोलीतल्या पोत्यांना पाय फुटले. गडी लागले, हळद माडीवर गेली, खोली झाडून सारवून झाली आणि खिडकीजवळ मशीन बसलं. लेकीच्या मशीनसाठी जागा होती. हे मी विसरायचं म्हणतात.

गणपतीच्या तोंडावर हॉटेलमालक डोंगरकड्याला आला. कुठलीच चावी बसत नव्हती. गाडी काचेत नुसती उभी होती. मी नाही म्हटलं. त्यानं सासऱ्यांना मध्ये घातलं. सासरे गोठ्यात आले, खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझा हात धरला. भाव मागायला लागले. माझी मूठ मिटलेली होती. हॉटेलमालकाला बघताच खिशातून काढलेली चावी आतच होती. त्यांनी बोटं चाचपली, एकही बोट सुटेना. मग त्यांचा हात थांबला. मुठीच्या फटीतून चावीचा कान त्यांच्या अंगठ्याला लागला असावा. किती घट्ट धरलंय, तेही लागलं असावं.

त्यांनी उपरणं काढून घेतलं. "जमत न्हाई पाव्हनं," ते हॉटेलमालकाला म्हणाले. "चहा घ्या अन् निघा."

तो गेल्यावर ते बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. "जावईबापू, गाडी तुमची व्हती?"

मी गव्हाणीतला कडबा सारखा करायला लागलो.

"सुपारीच्या आधी तीनदा इचारलं व्हतं मी. खोली काय, वाडा दिला असता."

माझं डोकं भडकलं. "मामा, बैल घेताना बैलाला इचारता काय? चालीवरून वळखता, डोळ्यावरून वळखता. अन् घरात आनलेला मानूस वळखता आला न्हाई?"

"बैल दुसरीकडं बघत न्हाई, जावईबापू," ते म्हणाले आणि घरात गेले.

तो टोला मी अजून विसरलेलो नाही. वयानं मोठे होते म्हणून सोडलं.

ओसरीजवळच्या खोलीत मशीनची धडधड चालली होती. ती थांबली. "अहो," बायकोची हाक आली, "सदऱ्याचं माप द्याया येता काय?" मी आत जाऊन हात पसरून उभा राहिलो. चावी मुठीतच होती. तिनं खांद्यापासून दोरा ताणला, मनगटाशी चिमटीत धरला. बाहीचं माप मनगटापर्यंतच लागतं. मूठ उघडा, असं ती म्हणाली नाही.