मामांचा गॉगल आणि वाकडी मान

आमच्या मामांची मान मुळात सरळच होती. ती वाकडी झाली गॉगल घेतल्यापासून. चौसाळ्याला हायवेवर त्यांचं कापडाचं दुकान; बाहेर सगळे त्यांना अप्पा म्हणत. गाड्यांच्या काचांवरची तिरीप दिवसभर डोळ्यांत घुसायची. एकदा मांजरसुंब्याच्या स्टॉपवर एका गॉगलवाल्याने त्यांना एक कार्ड दाखवलं. नुसत्या डोळ्यांना कोरं, गॉगलमधून पाहिलं की त्यात मासा! मामा हरखले, पण लगेच सावरून म्हणाले, "आमच्यात मासा चालत न्हाई. दुसरं काई दाखव बे." त्याने फूल दाखवलं आणि सौदा झाला.

तिरीप खरोखरच गेली. पण भलत्याच भानगडी सुरू झाल्या. सकाळी मान कलती केली की निळं आभाळ गडद दिसायचं, आणि मामा गिऱ्हाइकाला बजावायचे, "छत्री घ्या, पाऊस हाय." ऐन मे महिन्यात! मी तेव्हा फिजिक्स शिकत होते. हवेत विखुरलेला उजेड बराचसा एकाच दिशेने थरथरत येतो आणि तुमचा गॉगलही एकाच दिशेचा उजेड आत सोडतो, असं मी जीव तोडून समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आबाळ बी त्याच कंपनीचं हाय म्हण की!"

मोबाईलचंही तेच. तो उभा धरला की गॉगलमधून काळाठिक्कर. मान खांद्याला टेकवली तरच दिसायचा. मामी वैतागायची, "काढा की तो गॉगल!" पण तो काढणं मामांना कमीपणाचं वाटे.

अशात त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, गिरिजाला, अंबाजोगाईचं स्थळ आलं. आधीची स्थळं फिसकटली होती आणि हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. व्हिडिओ कॉल ठरला. गॉगल काढून बसा म्हणून मामीने हात जोडले, मी तर पायाच पडले. मामा म्हणाले, "हाय तसा बघंल मला. त्याच्यासाठी नवा बाप कुठून आणू?"

कॉल लागला आणि मामांची मान खांद्यावर गेली. "अप्पांना लकवा-बिकवा झालाय काय?" मुलाचे वडील हळूच पुटपुटले, पण फोनने ते आम्हा सगळ्यांना ऐकवलं. गिरिजाचा चेहरा उतरला. मामी देवघराकडे बघू लागली.

तेवढ्यात मामांचा गॉगल आणि कललेली मान बघून मुलगा म्हणाला, "अप्पा, गॉगल राहू द्या. फोन आडवा धरून बघा बरं."

मामांनी फोन आडवा केला. मान सरळ झाली, मुलगा लख्ख दिसला. मामांनी त्याला नीट न्याहाळलं. मग आमच्याकडे वळले. "आजवर समद्यांनी मला गॉगल काढा म्हणलं. ह्यानं फोन फिरवा म्हणलं. पोरगी हितंच द्यायची."

गिरिजा लाजायचं विसरून खदखदून हसली.

मागच्या वर्षी मामा गेले. आम्ही सगळे त्यांना सुधारायच्या मागे होतो. जावयाला मात्र ते होते तसेच आवडले. त्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा हमसाहमशी रडत होता तो तोच.