वाऱ्याने फाटलेलं पान

समजा, हे काम तुम्हाला करायचं आहे. मोबाइलवर केळीच्या पानाचा फोटो येतो. खाली दोन बटणं: 'निरोगी' आणि 'रोगट'. सहा सेकंदांत एक दाबायचं. पान हिरवंगार आहे, पण कडेपासून मधल्या शिरेपर्यंत त्याच्या चिंध्या झाल्या आहेत. काय दाबाल?

केळी फक्त गाडीवर पाहिली असतील तर 'रोगट' दाबाल आणि शाबासकी मिळवाल. चोपड्याजवळच्या खेड्यातली कोकिळा 'निरोगी' दाबते. मे महिन्याच्या वाऱ्यात तिच्या सासऱ्यांच्या बागेतलं पान न् पान असंच फाटतं, आणि घड तरी झोकात येतात. तिला लाल फुली मिळते.

कोकिळा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मुलगी दीड वर्षाची, म्हणून रोज एसटीने जळगावला नोकरीला जाणं जमणारं नव्हतं. घरबसल्या होणारं हे एकच काम तिला मिळालं होतं आणि काही करून ते टिकवायचं होतं. असे फोटो ओळखून ती शेतकऱ्यांसाठीच्या एका ॲपला पिकांचे रोग ओळखायला शिकवत होती. कंपनी तिला कामगार म्हणत नसे, 'ज्ञान-भागीदार' म्हणे. या भागीदाराला रजा नाही, पगार नाही, फोटोमागे मोजके पैसे तेवढे. रोज सकाळी एक हसरं पिवळं तोंड मात्र येई: 'आज तुम्ही शेतीचं भविष्य घडवणार!'

मधूनमधून कंपनीने आधीच उत्तर ठरवलेले फोटो येत; त्यांतली अचूकता नव्वद टक्क्यांखाली गेली की खातं बंद. फाटक्या पानांनी कोकिळाला एक्क्याऐंशीवर आणलं होतं. शेवटची संधी म्हणून वीस फोटोंची परीक्षा होती, त्यात अठरा बरोबर हवे होते. तिने आधी नवीन नावाच्या टीम लीडला फोन लावला.

"सर, ही पानं वाऱ्याने फाटलीयत. आजारी नाहीत."

"मॅडम, फाटलंय ना? म्हणजे डॅमेज. डॅमेज म्हणजे रोगट."

"तुमची बाही फाटली तर तुम्हाला ताप आला म्हणायचं का?"

"तुम्ही फार विचार करता, मॅडम. विचार वरच्या टीमने करून ठेवलाय. आपण नुसतं मॅच करायचं."

हा नवीन अमळनेरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. दोन वर्षांच्या नोकरीत त्याने एवढंच कमावलं होतं: पानाकडे न बघता पानाबद्दल बोलणं.

ओट्यावर सासरे रुपचंदनाना बसले होते. कोकिळाने फोन त्यांच्यापुढे धरला. "नाना, याला काय झालंय?"

नानांनी फोन हातभर लांब नेला. "वारानी फाडेल शे. वावरना कडेले वारा आडावाले शेवरी लावेल नई व्हई."

"कंपनी म्हणते, रोग आहे."

"ज्यानी म्हना त्याले व्हई रोग! त्याले वावरमा लई ये, चहा पाजसू."

"नाना, उद्या हेच ॲप शेतकऱ्यांना फवारणी करायला सांगणार आहे."

नानांचं हसू थांबलं. "म्हंजे वारावर औषध मारानं?"

कोकिळा परीक्षेला बसली. वीसमध्ये सात पानं फाटकी निघाली. पहिल्यावर तिने मुकाट्याने 'रोगट' दाबलं. हिरवी खूण. दुसऱ्यावरही तेच. तिसरं पान तर अगदी ताजं होतं, पोपटी, नुकतंच उलगडलेलं आणि पहिल्याच वाऱ्यात फाटलेलं. तिथे तिचं बोट वळेना. तिने 'निरोगी' दाबलं आणि पुढच्या चारही पानांना तेच. वीसपैकी पंधरा.

खातं मिनिटभरात बंद झालं. कारण: 'गुणवत्ता'. पाठोपाठ पाच तारे आले: 'आमच्यासोबतचा अनुभव कसा वाटला?' शून्य तारे द्यायची सोय नव्हती. सूचनेच्या चौकटीत तिने एक प्रश्न लिहिला. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे,' असं उत्तर एका सेकंदात आलं, म्हणजे तो कुणी वाचलाच नव्हता. मग तोच प्रश्न तिने नवीनला विचारला. तो म्हणाला, "वर विचारतो." तो वर अजून पोचायचाच आहे.

पंधरा दिवस झाले. आता भाजी निवडतानाही ती नानांना तोच प्रश्न विचारते: ज्याने ही उत्तरं ठरवली, तो उन्हाळ्यात एकदा तरी केळीच्या बागेत उभा राहिलाय का?