उपकेंद्राला कुलूप आहे, हे खरे आहे काय?

नातेवाइकांत माझी ओळख करून देताना मोठे काका अजून अडखळतात. "हा ना, हा आमदारसाहेबांकडे असतो." असतो म्हणजे काय, देव जाणे. गाडी चालवतो की चहा नेतो, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सारंगखेड्याला घोडेबाजार भरला की सगळं गणगोत गोळा होतं आणि कोणीतरी विचारतंच, "तू करस काय नेमकं भो?" मी सांगतो, प्रश्न लिखस. मग हशा पिकतो. हसा लेको, हसा. दरवेळी तोंड वाकडं करून मीही हसतो आणि जिलेबी खातो.

तर मी प्रश्न लिहितो. विधिमंडळात आमदार मंत्र्यांना जे प्रश्न विचारतात ते आमदारांनी स्वतः लिहिलेले असतात, असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचं भलं होवो. आमचे साहेब लांबच्या दुसऱ्या जिल्ह्याचे, पण नाव व्हावं म्हणून त्यांना साऱ्या राज्याचे प्रश्न लागतात. माझ्यासारखी माणसं त्यांनी ठिकठिकाणी ठेवली आहेत. माहिती काढायची, कागद जमवायचे, प्रश्न बांधायचा आणि पाठवून द्यायचा. नंदुरबारला मिरचीच्या एका गोदामावर तिथल्या शेठजींनी मला खोली दिली आहे, तेच माझं ऑफिस. हंगामात खालून तिखट असं वर येतं की बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी गळतं. आलेल्या माणसाला वाटतं, जनतेच्या दुःखानं हा रडतोय.

प्रश्नाचा एक साचा असतो. पहिल्या भागात घटना लिहायची आणि शेवटी "हे खरे आहे काय" असं विचारायचं. मग "असल्यास, चौकशी केली आहे काय". मग "असल्यास, काय कारवाई केली". आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत". गोम सगळी पहिल्या भागात असते. तिथं सरकारनं "हे खरे नाही" म्हटलं की खालच्या सगळ्या भागांना एकच उत्तर येतं, "प्रश्न उद्भवत नाही." त्यामुळे पहिला भाग असा आवळून बांधायचा की सुटायला फट राहू नये. या कामात माझा हात धरणारा आसपास कोणी नाही, असं मला वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, होतंच तसं.

माझी बायको खापर गावाजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवते. तिथं स्वयंपाकाला एक मावशी आहेत. त्यांचं गाव वर डोंगरात, म्हणून आठवडाभर त्या शाळेतच राहतात आणि रविवारी घरी जातात. घरी त्यांची बोली भिली, आमच्याशी मोडकी मराठी. मला भाऊ म्हणतात आणि अरेतुरे करतात, जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी बायकोला न्यायला गेलो, तर मावशी परातीतलं पीठ मळता मळता म्हणाल्या, "भाऊ, तू ते इचारतो ना सरकारला. आमचा दवाखाना इचार ना."

त्यांच्या गावाशेजारी, नाल्यापलीकडच्या वरच्या पाड्यावर आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून झाली होती. रंग झाला, पाटी लागली, उद्घाटनही झालं आणि मग जे कुलूप लागलं ते लागलंच. नर्सबाईंची नेमणूक कागदावर, बाई तिसरीकडेच. गावातल्या बाळंतिणीला खाली खापरच्या रस्त्यापर्यंत आणायचं तर झोळी करून डोंगर उतरायचा. मावशींची लेक माहेरी आली होती, पहिलटकरीण. तिचे दिवस भरायच्या आत ते दार उघडावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी स्वतः वर गेलो. गाडी जिथवर गेली तिथवर गाडीनं, पुढे पायी. कुलूप बघितलं, गंजलेलं. गज तुटलेल्या खिडकीतून आत बघितलं तर खाटेवर कोणीतरी मक्याची कणसं वाळत घातलेली. लेकीलाही भेटलो. पोट सावरत तिनं पाणी आणून दिलं आणि लाजून आत पळाली. खाली येऊन असा प्रश्न बांधला की काय सांगू! इमारत बांधून तयार, उपकेंद्राला कुलूप आहे, कर्मचारी हजर नाही, गरोदर महिलांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? कुठे पळाल? साहेबांनी सही केली, हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न गेला आणि तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचा म्हणून, स्वीकारलाही गेला.

आता गंमत ऐका. प्रश्न स्वीकारला की तो खात्याकडे जातो, खात्याकडून जिल्ह्याला येतो आणि जिल्ह्यातल्या एका टेबलावर येऊन पडतो. त्या टेबलावर माझा कॉलेजातला दोस्त बसतो. दर अधिवेशनाच्या आधी त्याचा फोन ठरलेला.

"भो, तुन्हा प्रश्न उना शे. सांजलोंग उत्तर पाहिजे. तुले सगळं माहीत शे, तूच लिखी दे ना."

म्हणजे प्रश्नही मीच विचारायचा आणि सरकारच्या वतीनं उत्तराचा मसुदाही मीच द्यायचा. सुरुवातीला मला याचं हसू यायचं, मग सवय झाली. एका अर्थानं बरंही वाटायचं, निदान उत्तर खरं जाईल. त्या दिवशी मी गोदामावरच्या खोलीत बसून लिहिलं, "होय, हे खरे आहे." खाली लिहिलं की कर्मचारी तातडीने उपलब्ध करून देण्यात येत आहे. दोस्त आला, मसुदा घेतला, भजी खाल्ली आणि गेला.

पुढच्याच आठवड्यात मावशी शाळेच्या गेटवर माझी वाट बघत उभ्या. हातात सीताफळांची पाटी, तोंडभर हसू. दार उघडलं होतं! खालून जीप आली होती. कुलूप तोडलं, झाडलोट केली, भिंतीला चुना मारला, खाटेवर नवी चादर घातली. नर्सबाई आली, पांढऱ्या कपड्यातली. मावशींच्या लेकीला खाटेवर निजवून तपासलं, वजन केलं, गोळ्या दिल्या. मोबाइलवर फोटो काढले, ज्यात तारीख आणि ठिकाण आपोआप उमटतं तसले. जीपमधून आलेल्या साहेबानं सगळ्यांसमोर सांगितलं, आता बाई इथंच राहतील, कळा सुरू झाल्या की इकडंच या, खाली धावायचं कारण नाही.

"तू इचारलं म्हणून उघडलं भाऊ," मावशी म्हणाल्या आणि पाटी माझ्या हातात दिली.

मला काय झालं म्हणून सांगू! इतकी वर्षं प्रश्न लिहितो, कोणी कधी सीताफळं दिली नव्हती. त्या दिवशी मी चहाच्या टपरीवर पाच जणांना तरी ही गोष्ट सांगितली. काकांना मुद्दाम फोन करून सांगितली. बायको म्हणाली, आता पुरे, गावभर दवंडी पिटून झाली. पिटली तर पिटली. मला आनंद झाला होता.

लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हा मावशी शाळेत होत्या. घरच्यांनी त्या जीपवाल्या साहेबानं सांगितल्याप्रमाणेच केलं. एरवी त्यांनी पहाटेच झोळी बांधून खालच्या रस्त्याची वाट धरली असती, गावात वर्षानुवर्षं तेच करतात. पण आता दवाखाना होता ना! नाला ओलांडून त्यांनी पोरीला वरच्या पाड्यावर नेलं. दाराला कुलूप होतं. नवीन, चकचकीत.

त्यांना वाटलं, बाई कुठं गेली असेल, येईल. ओट्यावर पोरीला निजवून वाट बघत बसले. कोणी किल्ली शोधायला गेलं, कोणी रेंज शोधायला टेकडीवर गेलं. ऊन चांगलं वर आलं तेव्हा त्यांनी परत झोळी उचलली, तोच नाला ओलांडला आणि डोंगर उतरायला घेतला. खापरच्या रस्त्याला लागायच्या थोडं आधी, मोहाच्या झाडाखाली मूल झालं. मुलगा होता. रडला नाही.

पोर वाचली. तिला पुढं जीपनं दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं. मला हे बायकोनं फोनवर सांगितलं. मी तसाच उठून दोस्ताच्या टेबलापाशी गेलो. ऑफिस माणसांनी भरलेलं. मी ओरडलो, तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या आईबापापर्यंत गेलो.

तो हात धरून मला जिन्यात घेऊन आला. वरखाली कोणी नाही ना, हे बघून म्हणाला, "मी तुन्हाच मसुदा वर धाडा व्हता. होय, खरं शे, असाच. आमना साहेब म्हने असं उत्तर जाऊ देवानं नही."

"मग खोटं लिहायचं होतं ना!" मी म्हटलं.

"खोटं उत्तर दिधं ते हक्कभंग व्हस भो. नोकरी जास. म्हनीसन आधी ते खरं करी टाकतस."

हे मला, या धंद्यात मुरलेल्या माणसाला, माहीत नव्हतं. सभागृहाला खोटी माहिती देता येत नाही, म्हणून ज्या तारखेचं उत्तर द्यायचं त्या तारखेपुरतं सगळं खरं करून ठेवायचं. दुसऱ्या केंद्रातली नर्स एका दिवसासाठी उसनी आणायची, दार उघडायचं, फोटो काढायचे आणि नर्स जिथली तिथं परत पाठवायची. जुनं कुलूप तोडलं म्हणून नवीन लावायचं. उत्तरात एक अक्षर खोटं नाही. मी कितीही घट्ट बांधला असता तरी तो प्रश्न सुटलाच असता, कारण त्यांनी प्रश्नाला हातच लावला नव्हता.

अधिवेशनात छापील उत्तर आलं. "(१) हे खरे नाही. उपकेंद्र सुरू असून रुग्णांची तपासणी करण्यात येत आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." तपासणी करण्यात येत आहे म्हणे. ती तपासणी कोणाची झाली ते मला माहीत होतं. गोळ्या कोणाला दिल्या तेही माहीत होतं.

मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, साहेब, उपप्रश्न विचारा, उभे राहा, बाळ गेलंय. साहेब भले माणूस, वाईट वाटल्याचं त्यांनी आवाजात आणलं. मग म्हणाले, "अहो, आपला नंबर सभागृहात पुकारलाच गेला नाही, लेखी उत्तरात गेला. आता तो विषय संपला. पुढच्या वेळी जरा फिरवून टाका." मी म्हटलं, फिरवून म्हणजे कसा? ते म्हणाले, "ते तुम्ही बघा हो, तुमचा हातखंडा आहे."

उन्हाळ्यात साहेबांचा सत्कार झाला, सर्वाधिक प्रश्न विचारणारा जागरूक सदस्य म्हणून. शाल, नारळ, सगळं यथासांग. मला मागच्या रांगेत बसवलं होतं. भाषणात साहेब म्हणाले, "सातपुड्याच्या दुर्गम भागातल्या एका दवाखान्याचं कुलूप आमच्या एका प्रश्नानं तुटलं." टाळ्या पडल्या. शेजारच्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, तुम्हीच ना ते, म्हणून. मला तिथंच खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. फेकली नाही. पगार त्यांचाच खातो ना मी. जेवणात श्रीखंड होतं, तेही खाल्लं.

मावशींना तोंड दाखवायची माझी छाती होत नव्हती. बायकोला घ्यायला जायचो ते गेटबाहेरच उभा राहायचो. शाळा सुटीनंतर परत भरली तेव्हा मात्र ठरवून आत गेलो. हातात नव्या प्रश्नाचा मसुदा होता. या वेळी मी सगळं घातलं होतं, एक दिवसाची नर्स, नवीन कुलूप, फोटो. चौकशी लागलीच पाहिजे, असं बांधलं होतं.

मावशी चुलीपुढं होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला, नेहमीसारखाच. लेक कशी आहे विचारलं तर म्हणाल्या, सासरी गेली, कामाला लागली. मग मी कागद काढला. म्हटलं, मावशी, आता सोडत नाही मी यांना. पावसाळी अधिवेशनात पुन्हा विचारतो. एकेकाला उभं करतो, बघा तुम्ही.

त्यांनी हातातली भाकरी थापून पुरी केली. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"नको इचारू भाऊ," त्या म्हणाल्या. "कुलूप होतं तवा आमाला ठावं तरी होतं, कुलूप आहे. आमी सरळ खाली जायचो."