बायॉलॉजीच हवं, असं कुठे लिहिलंय?

लॅबकाकूंसमोर ‘सगळे असंच करतात’ म्हणायची सोय नव्हती. हातातला घास ताटात ठेवून त्या विचारायच्या, “असं कुठे लिहिलंय?” हॉस्पिटलात साडी चालत नाही, असं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मिशिगनचे सगळे हिवाळे त्या साडी, वर पांढरा कोट आणि पायात स्नो-बूट अशाच कामावर गेल्या.

त्या मूळच्या नागपूरच्या. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायच्या. ओळखीतले बाकीचे डॉक्टर पेशंट तपासायचे. या पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायच्या. म्हणून आम्हा मुलांच्या त्या लॅबकाकू.

१९८२ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ठरवायची वेळ आली होती. अमेरिकेत मेडिकल पदवीनंतर सुरू होतं. मला डॉक्टर व्हायचं होतं, त्याबद्दल घरात वाद नव्हता. पण मेजर मला हिस्टरी हवं होतं. एका प्रोफेसरबाईंबरोबर मी डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतल्या निवृत्त कामगारांच्या मुलाखती टेप करत होते, आणि त्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मी पार गुंतले होते. रविवारी काकू जेवायला आल्या असताना मी हे सांगून टाकलं.

“मेडिकलला जायचं तर बायॉलॉजी,” बाबा म्हणाले. “सगळी मुलं तेच घेतात.”

काकूंचा घास ताटात गेला. “असं कुठे लिहिलंय, इंजिनियरसाहेब?”

“लिहायला कशाला हवं, डॉक्टरीणबाई? ही रिस्क आहे. आपल्या मुलांना इथे दुसरा चान्स कोणी देत नाही.”

बाबांचा आवाज चढला नव्हता. ते घाबरले होते, हे मला फार उशिरा समजलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लॅबमधून चार मेडिकल कॉलेजांना फोन लावले आणि संध्याकाळी कागद घेऊन आल्या. बायॉलॉजी आणि फिजिक्स एकेक वर्ष, केमिस्ट्री दोन वर्षं, त्यात ऑरगॅनिक आलंच. मेजर कुठलंही. “प्रत्येकाला दोनदा विचारलं,” त्या म्हणाल्या. बाबांनी कागद वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. मी हिस्टरी घेतलं.

काकू माझ्या बाजूच्या होत्या, पण माझे लाड करणाऱ्या नव्हत्या. ऑरगॅनिकच्या पहिल्या परीक्षेत मला सी मिळाला. मी तो घरी लपवला. काकूंनी सरळ पेपर मागितला आणि दर शनिवारी सकाळी मला त्यांच्या किचन टेबलाशी बसवायला सुरुवात केली. “हट्ट करायचा तर इतरांपेक्षा जास्त अभ्यास करायचा,” त्या म्हणायच्या. “नाहीतर तो नुसता हट्ट राहतो.”

एका शनिवारी मी वैतागून पेन्सिल फेकली. “काकू, तुम्ही माझ्यासाठी एवढं भांडता कशाला? आय कॅन जस्ट स्विच.”

त्यांनी पेन्सिल उचलून माझ्यासमोर ठेवली. “मला सर्जरी करायची होती. इथल्या सर्जरीच्या चीफने सांगितलं, पेशंट तुमच्या हातून ऑपरेशन करून घेणार नाहीत. मी ‘बरं’ म्हटलं. विचारलंसुद्धा नाही, हे कोणी ठरवलं. ते ‘बरं’ मला अजून टोचतं.” मग पुस्तकावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे परत कर.”

शेवटी मला ऑरगॅनिकमध्ये ए मिळाला. तरी अर्ज केले त्या पहिल्या वर्षी एकाही मेडिकल कॉलेजने मला घेतलं नाही. ओळखीच्या घरांतून हळहळ आली, आणि हळहळीच्या आत ‘आम्ही म्हटलं होतं’ हेही आलं. बाबा मात्र तसं एकदाही म्हणाले नाहीत. काकूंनी मला कॉलेजांना फोन करून कारण विचारायला लावलं. हिस्टरीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. माझे अर्ज उशिरा गेले होते. पुढच्या वर्षी मी ते पहिल्याच दिवशी पाठवले. इंटरव्ह्यूत एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, हिस्टरी का? मी म्हटलं, “मी ज्या कामगारांशी बोलले त्यातले बरेच जण खोकत होते. कारखान्यात काय काम करायचात, हे त्यांना कुठल्याच डॉक्टरने विचारलं नव्हतं.” त्या कॉलेजने मला घेतलं.

मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना काकूंच्या पोटात गाठ निघाली. बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाठीची स्लाइड मागवली. पेशंटने स्वतःची स्लाइड बघायची पद्धत नाही, असं त्यांच्याच विभागातला एक डॉक्टर चाचरत म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने स्लाइड आणून दिली.

दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. काकूंनी मला समोर बसवलं.

“काय दिसतं?”

“काकू, मला नका विचारू ना.”

“रडायचं ते नंतर. आधी नीट सांग.”

मी सांगितलं. पेशी कशा आहेत, कुठपर्यंत शिरल्या आहेत, एकही शब्द मऊ न करता. त्यांनी डोळे न उचलता सगळं ऐकलं, एका ठिकाणी माझी चूक दुरुस्त केली आणि दिवा बंद केला.

त्यानंतर त्या सात महिने जगल्या. डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितली होती. तरी त्या सातातले पाच महिने बाबा रोज सकाळी त्यांना गाडीने लॅबमध्ये सोडत होते.