लिनेटच्या नावाचा पंप

बेव्हर्लीला शाळेपासून दमा. पळापळीच्या खेळात ती भिंतीपाशी उभी राहून बाकीच्या मुलींचे कोट सांभाळायची, आणि थोरली बहीण लिनेट धावता धावता मागे वळून बघायची, ही नीट उभी आहे ना. पुढे इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदरातल्या अनेक बायकांसारखी बेव्हर्ली मासळीच्या कारखान्यात लागली. तिथल्या गारठ्यात आणि कोळंबीच्या वाफेत तिचं दुखणं चांगलंच मुरलं. लिनेट शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघींचे नवरे केव्हाच वेगळे झाले होते. उरल्या होत्या त्या एकमेकींना.

बेव्हर्लीला दोन पंप लागायचे. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा, छाती आतून शांत राहावी म्हणून. निळा धाप लागली की. शिवाय रात्रीची गोळी. इंग्लंडात डॉक्टर फुकट, इस्पितळ फुकट. पण कमावत्या माणसाला चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाचे वेगळे पैसे पडतात. काही आजारांना त्यातून माफी आहे. ते आजार कुठले, हे दोघी लहान असताना कुणीतरी ठरवून टाकलं, आणि त्यात दमा नाही. दरमहा ठरावीक हप्ता भरून सगळी औषधं मिळायचं कार्डही बेव्हर्लीने काढून पाहिलं होतं. पण कारखान्यातलं तिचं काम एजन्सीमार्फतचं, कधी बोलावणं यायचं, कधी यायचं नाही. एकदा खातं रिकामं असताना हप्ता परत गेला आणि कार्ड बंद पडलं.

"आज निळाच द्या," एका शनिवारी औषधांच्या दुकानात ती म्हणाली. लिनेट शेजारीच उभी होती.

"आणि तपकिरी?" दुकानदार हॉल्डन यांनी विचारलं.

"तो पुढच्या वेळी."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात, बाई. निळ्याने धाप थांबते, आजार थांबत नाही."

"मला कामावर धाप थांबलेलीच लागते, साहेब."

लिनेटने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिच्या पिशवीत तिची औषधं होती, सगळी फुकटची. तिला थायरॉइड होता, आणि थायरॉइडला माफी होती. एकदा माफी मिळाली की मग कुठल्याच औषधाला पैसे पडत नाहीत. पायाच्या बुरशीच्या मलमालासुद्धा.

"तुझ्या बुरशीला सरकार पोसतं, आणि माझी छाती गेली उडत," बाहेर आल्यावर बेव्हर्ली म्हणाली.

"माझी बुरशी वशिल्याची आहे गं."

दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी लिनेटकडे जेवायला आलेली बेव्हर्ली जिन्यातच मध्ये बसली. ओठ निळसर पडले होते.

"बस झालं," लिनेट म्हणाली. "उद्या मी जाते डॉक्टरकडे."

"तू? कशाला?"

"खोकायला."

आणि ती खरंच गेली. नर्सने नळीत फुंकायला सांगितलं, तर ही चहा निववत असल्यासारखी फुंकली. "म्हणाली, जोर लावा. म्हटलं, बाई गं, हाच माझा जोर!" घरी स्वयंपाकघरात लिनेट ही नक्कल करून दाखवत असताना बेव्हर्लीला हसून हसून धाप लागली. तेव्हापासून दर महिन्याला तपकिरी पंप लिनेटच्या नावाने यायचा आणि तिच्या पिशवीतून बेव्हर्लीच्या घरी जायचा.

हिवाळा बरा गेला. पण पुढच्या पावसाळी उन्हाळ्यात शिट्टीसारखा आवाज पुन्हा सुरू झाला. बेव्हर्ली एकही दिवस न चुकवता पंप ओढत होती, तरी.

"आता तुला जास्त ताकदीचं काहीतरी लागणार," लिनेट म्हणाली. "जा, दाखवून ये."

"जाऊन काय सांगू? तपकिरी पुरत नाही म्हणून? त्यांच्या हिशेबी मी तो घेतच नाही."

ती गेली नाही. ऑक्टोबरात कारखान्यात कोळंबीच्या सरकत्या पट्ट्यासमोर कोसळली.

इस्पितळात तोंडाला मास्क, दंडात सुई, पुढ्यात चहा आणि टोस्ट. सगळे मायेने वागले. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीण आली आणि संगणकाच्या पडद्यावर बघत म्हणाली, "बेव्हर्ली, वर्षभरात तुम्ही तपकिरी पंप एकदाही नेलेला दिसत नाही."

पलंगाच्या पायाशी बसलेल्या लिनेटने तोंड उघडलं. बेव्हर्लीने पांघरुणाखालून तिचं मनगट घट्ट धरलं.

"विसरले," ती म्हणाली.

"वर्षभर?"

"मी पहिल्यापासूनच वेंधळी आहे."

डॉक्टरणीने रागावून नाही, दमून श्वास सोडला. "हे औषध घेतलंच नाही, तर पुढचं कसं देऊ? आधी हे नियमित घ्या. नाहीच पुरलं तर मग वरचं बघू."

पुन्हा तोच पंप मिळाला. लिनेटच्या नावाने वर्षभर ओढलेला, न पुरलेला.

"मी आत्ता जाऊन सांगते," डॉक्टरीण गेल्यावर लिनेट म्हणाली.

"फसवणूक म्हणतात त्याला. दंड होईल, शाळेतली नोकरी जाईल."

"जाऊ दे मेली नोकरी!"

"आणि खायचं काय दोघींनी? मला आता कामावर कोण बोलावणार? जरा दम धर. 'नाहीच पुरलं तर' म्हणाली ना ती? मग पुरणार नाहीच. तेव्हा देतील."

एजन्सीने खरोखरच पुन्हा बोलावलं नाही. वरचं औषध मिळण्याआधी जानेवारीतल्या एका धुकट सकाळी लिनेटने स्वतःच्या किल्लीने बहिणीचं दार उघडलं. बेव्हर्ली उघड्या खिडकीपाशी, खुर्चीत होती. अंग गार पडलं होतं.

दफनानंतर लिनेट आपल्या डॉक्टरांकडे गेली. "तो पंप माझा नव्हता," ती म्हणाली. "बहिणीचा होता. मला दमा नाही, कधीच नव्हता."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मिसेस कॉवेल, मी हे ऐकलं नाही असं समजतो. तुम्ही पुष्कळ सोसलंय."

"नाही, ऐका! दंड करा हवं तर, पण ऐका. ती औषध घेत होती. रोज घेत होती, डॉक्टर. तिच्या कागदावर तसं लिहा."

"ती माझी पेशंट नव्हती. आणि आता लिहून तरी काय होणार?"

 पुढच्या माणसाचं नाव पुकारलं, तशी लिनेट उठली आणि कोटाची बटणं लावत बाहेर पडली. बेव्हर्लीच्या नावापुढे आजही तेच लिहिलेलं आहे: औषध घेण्यात हयगय.