धवळी शेवंती

बायको सुरतेला गेलेली असताना मी अख्खा पावसाळा कुंडीत गाजरगवत वाढवलं. वाढवलं म्हणजे नुसतं उगवू दिलं नाही. पाणी घातलं, शेणखत घातलं, वाकायला लागलं तेव्हा कापसाच्या पऱ्हाटीची काडी रोवून सुतळीने बांधलं. वर हेही सांगून टाकतो की माझी सगळी नोकरी कृषी खात्यात गेली. ‘गाजरगवत फुलण्याआधी उपटा’ हे पत्रक मी इतक्यांदा टाइप केलं असेल की झोपेतही बोटं चालली असती. पण पत्रकावरचं चित्र झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात गवत काय आणि गणपतीचं मखर काय, सारखंच दिसायचं. आणि मी खात्यात होतो, शेतात नव्हतो.

झालं असं, की लेकीची बाळंतपणाची रजा संपली आणि नातीला सांभाळायला बायको सुरतेला गेली. निघताना तिने मला गॅस, दूध, कुलूप यांतलं काहीच सांगितलं नाही. मागच्या अंगणातल्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘मन्ही धवळी शेवंती संभाळज्यात.’’ धवळी म्हणजे पांढरी. तिच्या माहेराहून आलेला कोंब, दर साली नवा लावून टिकवलेला. ‘‘मंग तू कधी येसी?’’ मी विचारलं. तिने पिशवी उचलली. ‘‘शेवंतीले फुलं उनात म्हंजे येसू.’’

फुलं आली की येईन, असं थट्टेने म्हणाली असेल. मी मात्र ते वाक्य धरून बसलो.

कळसाडीत आमचं घर गावाच्या टोकाला. मागच्या भिंतीपलीकडे उसाचा फड, त्यापलीकडे कापूस. माणसाचा आवाज यायचा तो दूध घालणाऱ्याचा, तोही ‘दूध’ एवढाच. एका माणसाची भाकरी थापायची म्हणजे पीठ कमी पडतं किंवा उरतं, बरोबर येत नाही. टीव्ही मी लावून ठेवायचो, बघत नव्हतो. संध्याकाळी फोन यायचा.

‘‘जेवनात का?’’

‘‘जेवनू.’’

‘‘शेवंती कशी शे?’’

‘‘बेस शे.’’

एवढ्यात तिकडे नात रडायची आणि फोन बंद. आमच्या संसाराचं सगळं बोलणं त्या शेवंतीवर येऊन थांबलं होतं. म्हणून मी तिला जास्तच जपायला लागलो. पाऊस पडत असतानाही सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी, छत्री धरून. मूळ शेवंती त्यातच कुजून गेली असणार. पण नेमकी तिच्या शेजारी हिरवी, कातरलेल्या पानांची नक्षी उगवली, आणि मी समजलो, नवा कोंब फुटला. पानं तशीच होती हो. निदान चष्मा पुसल्याशिवाय तशीच.

मग मला कुंडीपाशी बसायची सवय लागली. आधी पाणी घालण्यापुरतं, पुढे चहा घेऊन, पुढे ताट घेऊनच. मी आयुष्यात झाडाकडे कधी असं बघितलं नव्हतं. झाड म्हणजे हेक्टरी आकडा. आता बघतो तर पानाच्या प्रत्येक कातरीत दवाचा एक थेंब, आणि थेंबात उलटा झालेला उसाचा फड. एका कोळ्याने खोडापासून भिंतीच्या खिळ्यापर्यंत जाळं विणलं. ते तुटू नये म्हणून मी पाणी दुसऱ्या बाजूने घालू लागलो. फुलं आली ती मोहरीएवढी. पांढरीशुभ्र. जुनं भिंग घेऊन पाहिलं तर प्रत्येकाला पाच कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात एक चिमुकली पाकळी. इतकं बारीक काम कोणी कोणासाठी करून ठेवलं असेल, असं वाटून मी भिंग हातात घेऊन नुसता बसून राहिलो. नाकाचं टोक फुलांना लागलं होतं. त्या सकाळी मी कोणालातरी हात जोडले. समोर कुंडीच होती.

त्याच दिवसापासून हाताला खाज सुटली. मी साबण बदलला.

श्रावण सरता सरता झाडावर करडे भुंगे आले, पाठीवर काळ्या रेघा, शाईच्या पेनाने ओढल्यासारख्या. पानं कुरतडायला लागले. मी रोज सकाळी एकेक वेचून, त्यांची माफी मागून, भिंतीपलीकडे सोडून यायचो. गाजरगवत खाण्यासाठीच खात्याने हे भुंगेरे गावोगाव सोडले होते, आणि त्यांचे डबे रवाना करायची पत्रं माझ्याच टेबलावरून गेली होती. डब्याला तेव्हा झाकण होतं, मी आत बघितलं नव्हतं. बसथांब्याकडे जाताना गुडघाभर गाजरगवत लाथेने बाजूला सारत जायचो आणि घरी येऊन त्याच्याच सख्ख्या भावाला पाणी घालायचो.

शेवटी एका संध्याकाळी फोनवर सांगितलं, ‘‘फुलं उनात.’’

‘‘इतल्या लवकर? धवळी शेतस का?’’

‘‘धवळी म्हंजे, दुधासारखी.’’

फोटो मागितला. मी फोन फुलांच्या इतक्या जवळ नेला की त्यात धुक्यातले ठिपके आले. लेक म्हणाली, ‘‘बाबा, हलला आहे.’’ मागून बायकोचा आवाज आला, ‘‘धवळं तर दिखस.’’ त्या तीन शब्दांनी मला रात्रभर झोप आली नाही.

ती आली. नातीला चार दिवस विहीणबाईंच्या हवाली करून, सुरतेहून नंदुरबारपर्यंत रेल्वेने, पुढे दोन बस बदलून. पिशवी ओट्यावर ठेवली, चपलाही न काढता मागच्या अंगणात गेली. मी मागोमाग.

‘‘शेवंती कोठे शे?’’

‘‘ही काय.’’

ती कुंडीकडे बघत राहिली. मग काडी बघितली, सुतळीची गाठ बघितली, माझे खाजवून लाल झालेले हात बघितले. पदर हाताला गुंडाळला, झाड मुळासकट उपटलं आणि भिंतीपलीकडे फेकलं. कोळ्याचं जाळंही गेलं. मग बोटाने माती उकरली. खाली काळं पडलेलं, मऊ झालेलं एक मूळ निघालं. ते तिने बराच वेळ तळहातावर धरलं.

‘‘माहेरनं येवढंच व्हतं,’’ ती म्हणाली. आणि मूळ परत मातीत ठेवत, ‘‘मी परवदिन परत जासू. पोर रडत व्हयी.’’

तिला त्या पाच कोपऱ्यांबद्दल सांगावं असं फार वाटत होतं, पण ती वेळ नव्हती. ती मोरीवर हात धूत होती, माझ्याकडे पाठ करून. मी दारात उभा होतो. काय बोलायचं ते मला कोणत्याच पत्रकात टाइप केल्याचं आठवेना.

‘‘घर खायाले उठस,’’ मी म्हणालो. ‘‘तू नही तं करमत नही. म्हनीसन फुलं उनात सांगं.’’

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसले.

‘‘मंग ‘ये’ इतलंच सांगाले तोंड नही व्हतं का? त्यानाकरता गाजरगवत कसाले पाळं?’’