अक्कांच्या नावावरची गाडी

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या निपाणीत शोधून सापडायचा न्हाय. नाव परशराम, शाळेत क्लार्क. घराला कुलूप लावून कोपऱ्यापतूर गेले की परत येऊन ओढून बघणार. असल्या माणसानं चार वर्सं दुसऱ्याच्या नावची गाडी चालवली, आता ह्याला काय म्हणायचं?

दुसऱ्याच्या म्हंजे ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या, कागलच्या मनुबाई अक्कांच्या. कर्नाटकात गाडीचा टॅक्स जास्त पडतो, म्हणून आमच्याकडं निम्मा गाव हद्दीपल्याडच्या, महाराष्ट्रातल्या पावण्याच्या नावावर गाडी घेतो. मामा, मेव्हणा, जावई, कुणीतरी असतोच. आमच्या गाडीला अक्का. त्या एष्टीनं कोल्हापूरला आल्या, सही केली आणि एष्टीनंच माघारी गेल्या. "कागदावर तर नाव हाय नुसतं," हे म्हणाले. मीबी मान हलवली. खोटं कशाला बोलू?

कोगनोळीचा हद्दीवरचा नाका जवळ आला की महाराष्ट्राची पाटी बघून अडवतील म्हणून ह्यांची तालीम सुरू व्हायची, "भनीची गाडी हाय साहेब, आजच आणलीया." चार वर्सं आजच! मी म्हणायची, "अवो, तुमचा हा आज मावळायचा कधी?" तर माझ्यावरच खेकसायचे.

गेल्या महिन्यात नाक्याच्या अलीकडं ह्यांची धडक एका सायकलवाल्याला बसली. भरमू आप्पा, सत्तरीचे. ह्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. मी देवापुढं डोकं टेकलं, म्हटलं सुटलो बाई.

कशाचं सुटतोय! पोलिसानं आरसी बुक बघितलं. "ओनर यार री? मालक कोण?" मग विम्याचा कागद मागितला. विमा संपून अकरा दिवस झालते. कंपनीचे मेसेज अक्कांच्या फोनवर जात व्हते, कागदावर नंबर त्यांचाच ना! इंग्रजी मेसेज, त्यांना वाटलं जाहिराती. गाडी पोलिसांनी ठेवून घेतली आणि सांगितलं, मालकिणीला घेऊन या.

बेळगावला खासबागेत माधवीताई वकील हाईत, त्यांच्याकडं धावलो. त्या स्पष्टच बोलल्या. "पैसे कुणी दिले, चालवतं कोण, हे तुमचं घरातलं. कायद्याला आरसीवरचं नाव दिसतं. विमा नाही, म्हणजे भरपाई तुमच्याकडून आणि मालकिणीकडूनही मागता येते. त्यांच्याकडं काय आहे?"

अक्कांकडं काय असणार? नवऱ्यामागं राहिलेलं दोन खोल्यांचं घर.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या, एष्टीनंच. ठाण्याच्या पायरीवर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नीलम, साहेबानं रंग इचारला तर काय सांगू गं? पांढरी हाय न्हवं?"

लाल हाय गाडी. चार वर्सांत एकदाबी त्यांना तिच्यात बसवलं न्हवतं आम्ही. भाऊबीजेला गेलो की गल्ली अरुंद म्हणून लांब लावून चालत जायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत गेल्यावर हे कधी न्हवं ते धडाधड बोलले. "साहेब, गाडी माझी हाय. पैसे माझे, चालवली मी. अक्काला काय म्हाईत न्हाय, तिला सोडा."

साहेबांनी आरसी पुढं सरकवली. "ह्यात तुमचं नाव दाखवा."

अक्कांनी पेन मागून घेतलं आणि दाखवलं तिथं मालकीण म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर त्या ह्यांच्याकडं वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "परशा, माझ्या नावावर दोनच गोष्टी रं. घर माझं हाय, गाडी माझी न्हाय. जी माझी न्हाय तिच्यापायी जे माझं हाय ते जाणार व्हय?"

"न्हाय जाऊ द्यायचो" म्हणायला ह्यांनी तोंड उघडलं आणि तिथंच भर रस्त्यात रडाय लागले. अक्कांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"रडू नगं," त्या म्हणाल्या. "कागलची एष्टी कितीला हाय, तेवढं बघ."